कांदेखडकाला रंग

तीन वर्षं मी पत्रं लिहिली. सुप्याजवळच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला कोण उत्तर देतं? शेवटी पुण्याचे भूशास्त्राचे प्राध्यापक नीळकंठ सर यायला तयार झाले. एकच तास, म्हणाले. चालेल म्हटलं.

आमच्या डोंगराच्या सोंडेवरचे काळे खडक ऊनपावसाने झिजून त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेत. गाव त्यांना कांदेखडक म्हणतं. खडी क्रशरवाल्याने तो डोंगर मागितलाय. खडक जपण्याजोगे आहेत असा सरांनी अहवाल दिला, तरच ते वाचणार होते.

वाट दाखवायला गावातले सावळाराम आबा पुढे. सत्तरी उलटली, पण चाल अजून तरण्यासारखी.

"गिरॅनाइट हाय सायेब, अस्सल! सुनेच्या वट्याला बसवलाय तसला."

"बेसॉल्ट आहे, आबा," मी दहाव्यांदा सांगितलं.

"त्येच त्ये."

वर पोचलो आणि बघते तर काय, सगळे खडक पांढरेशुभ्र! खाली गेरूचा पट्टा, सगळ्यांत मोठ्या खडकावर लाल अक्षरांत 'सुस्वागतम्'. पापुद्रे तारेच्या ब्रशने घासून काढलेले, त्यांचा ढीग झाडून एका बाजूला लावलेला.

"आबा, हे काय करून ठेवलंत?"

"का? तुमीच म्हनला हुता, मोठं सायेब येनार, जागा नीट ठेवा. चार दिस राबलो बाई. लई सालपटं निघाली."

म्हणाले होते मी. कलेक्टर येणार म्हटलं की इथे झाडांच्या बुंध्यांनाही चुना लागतो, हे जन्मापासून बघत आलेली मी! माझाच मला संताप आला.

सरांनी एक फोटो काढला. घड्याळ बघितलं.

"वैदेहीबाई, मूळ पृष्ठभागच राहिला नाही, तर मी काय लिहू? रंग धुऊन गेला तर चार-पाच वर्षांनी बघू."

क्रशरवाला चार-पाच महिनेही थांबणार नव्हता. मी आबांकडे वळले. आज त्यांना बोलायचंच, असं ठरवून.

पण आबा सरांच्या हाताला धरून त्यांची समजूत काढत होते. नखांत अजून पांढरा रंग होता.

"त्याची काळजी करू नगा सायेब. ऑइल पेंट हाय, धुऊन जायाचा न्हाय. आन् गेलाच, तर तुमी यायच्या आदी आमी परत मारू."