रहोबोथ कोरलेला दगड

मित्रांनो, बेळ्ळंदूरच्या तळ्यामागे, एका अरुंद गल्लीत, फाटकाच्या खांबात बसवलेला मी एक जुना काळा दगड आहे. माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे : रहोबोथ. येणारे-जाणारे तो वाचतात आणि बुचकळ्यात पडतात. शब्द हिब्रू भाषेतला आहे. त्याचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, आणि तरीही एकदा तो शब्द झाकला गेला तेव्हा मला हायसं वाटलं. ती गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो.

मला घडवलं देवाप्पांनी. बसवनगुडीत त्यांचं दगडकाम चालायचं. घराणं मराठी, पण पिढ्यानपिढ्या बंगळुरात राहिलेलं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. योगीराज साळवे कागदावर नाव लिहून त्यांच्याकडे आले, तेव्हा देवाप्पांनी छिन्नी बाजूला ठेवली.

"आधी अर्थ सांगा, अण्णा. न कळलेलं अक्षर माझ्या हातून सरळ येत नाही."

योगीराज नगरकडचे ख्रिस्ती. इथल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. स्टुलावर बसून त्यांनी पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली गोष्ट सांगितली. इसहाक नावाच्या माणसाच्या चाकरांनी गरारच्या खोऱ्यात विहीर खणली आणि तिला जिवंत पाणी लागलं. लगेच तिथले गुराखी भांडायला आले. इसहाकाने त्या विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण, आणि तो पुढे गेला. दुसरी खणली, तर तिच्यावरूनही तंटा. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तीही सोडून तो आणखी पुढे गेला. तिसऱ्या विहिरीवर मात्र कुणी भांडायला आलं नाही. देवाने आता आपल्याला ऐसपैस जागा दिली, असं इसहाक म्हणाला. म्हणून ती रहोबोथ.

योगीराजांनीही भाड्याची दोन घरं पाण्याच्या कटकटीपायी सोडली होती. आता बेळ्ळंदूरला, जिथे तेव्हा नुसती शेतं होती, त्यांनी स्वतःची जागा घेतली होती आणि तिथल्या विहिरीला भरपूर पाणी लागलं होतं.

"म्हणजे भांडायला जागा नाही, राहायला आहे," देवाप्पा म्हणाले. "सरी." म्हणजे कानडीत ठीक आहे. आणि त्यांनी छिन्नी उचलली.

माझी सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. योगीराजांनी विहिरीच्या टाकीतून एक नळ भिंतीबाहेर काढला होता, बरोबर माझ्या खाली. बांधकामावरचे मजूर, फुलवाल्या, रिक्षावाले, ज्याला हवं त्याने पाणी न्यावं. रविवारी चर्चमधून आल्यावर योगीराज ओल्या फडक्याने मला पुसायचे. या घराचं पाणी गोड आहे, असं लोक म्हणायचे. मी इतका फुगलो की पाण्याला ती गोडी माझ्यामुळे आली असं मला वाटू लागलं.

पुढे शेतं गेली आणि उंच इमारती आल्या. योगीराजही गेले. घर त्यांच्या मुलीच्या, शलाकाच्या हाती आलं. रिंग रोडवरच्या एका ऑफिसात ती नोकरी करायची आणि रविवारी चर्चच्या मंडळीतल्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवायची. ती मनाने वाईट नव्हती. तिला वेळ मात्र नव्हता. माझ्या अक्षरांत धूळ बसली. माझ्या डोक्यावर एक खिळा ठोकला गेला आणि वरच्या खोल्या भाड्याने देण्याची पाटी अधूनमधून त्यावर लटकू लागली.

मग तो उन्हाळा आला. आजूबाजूच्या बोअरवेल आटल्या. टँकर सांगितलेल्या दिवशी येईनात. आमच्या विहिरीचाही तळ दिसू लागला. शलाकाने बाहेरच्या नळाला कुलूप घातलं आणि खिळ्यावर नवी पाटी अडकवली : येथे पाणी मिळणार नाही. माझं नाव त्या पाटीखाली गेलं. आता मला कुणी अर्थ विचारणार नाही, असं मनात आलं आणि मला हायसं वाटलं.

एका शुक्रवारी सकाळी कस्तुरी आली. ती बिदरकडची. मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची आणि इमारतींमध्ये भांडी घासायची. तिच्या भावजयीला बाळंत होऊन आठच दिवस झाले होते. दोन घागरी खाली ठेवून तिने फाटकाची कडी वाजवली आणि बाळंतिणीपुरतं तरी पाणी द्या, म्हणून विनवलं.

शलाका ऑफिसला निघालीच होती. ती म्हणाली, "हे पाणी आमचं आहे, कस्तुरी. आम्हालाच पुरत नाही."

"सरी, अक्का," कस्तुरी म्हणाली. तिने रिकाम्या घागरी उचलल्या आणि ती निघून गेली. ती भांडली असती, तर मला इतकं लागलं नसतं.

रविवारी शलाका सात-आठ मुलांना घेऊन फाटकापाशी आली. त्या दिवशीचा धडा इसहाकाच्या विहिरींचा होता, आणि हे नाव दगडावर कोरलेलं मुलांना दाखवावं असं तिला वाटलं होतं. तिने पाटी काढून भिंतीवर पालथी ठेवली आणि शास्त्र उघडून वाचू लागली. गुराखी इसहाकाच्या माणसांशी भांडू लागले आणि म्हणाले, हे पाणी आमचं आहे.

इथे तिचा आवाज थांबला. ओळ हरवली असेल, असं वाटून मुग्धा नावाच्या मुलीने पुढे होऊन पानावर बोट ठेवलं. शलाकाने तेच वाक्य पुन्हा एकदा, हळू आवाजात वाचलं. मग पुस्तक मिटलं. तिचा चेहरा उतरला होता. आणि मलाही तेव्हाच उमगलं की या गोष्टीत आम्ही इसहाक नव्हतोच. न भांडता उठून गेली होती ती कस्तुरी. आम्ही ते गुराखी होतो.

मुलांना घरी पाठवून शलाकाने नळाचं कुलूप काढलं आणि ती मागच्या खोल्यांकडे धावली. तिथे कुणी नव्हतं. आदल्याच दिवशी ते कुटुंब होसकोटेला गेलं होतं. तिथे पाणी आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही. पुढच्या रविवारी शलाकाने मुलांना माझ्यासमोर उभं करून ते स्वतःच सांगितलं. शुक्रवारी आपण काय बोललो, तेही लपवलं नाही. शोधत शोधत ती होसकोटेला गेली होती. कस्तुरीने तिला बसायला गोणपाट टाकलं आणि ती काही बोलायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुम्ही प्यायलात?" मुग्धाने विचारलं.

"प्यायले. नको म्हणायला तोंड नव्हतं मला. मग माफी मागितली. परत चल म्हटलं. तर ती म्हणाली, आता नको, अक्का. इथं जमलंय आमचं."

 

आता रोज सकाळी तासभर नळ सुरू असतो. माणशी दोन घागरी. लोक पुन्हा या घराचं कौतुक करतात, आणि ते ऐकताना मी शरमून जातो.

मित्रांनो, तुमच्या घरावर, शाळेवर, गल्लीवरही एखादं चांगलं नाव असेल. ते पुसून लखलखीत ठेवा, पण त्याचा अर्थही विचारून घ्या आणि तो पाळा. नाहीतर नाव वागवणाऱ्या आम्हा दगडांचे फार हाल होतात. आम्हाला मान खाली घालता येत नाही.