पंधरा तासांनी येणारा फोन

“दूर दिलेल्या लेकीची वाट पायांनी नाही, जिवानं मोजावी गं,” आई म्हणायची. तो आवाज अजून कानात आहे. पण त्याच आईनं पोटातलं दुखणं वर्षभर आमच्यापासून लपवलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून घरातलं कोणी “काही नाही गं” म्हणालं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

यंदा धाकटी बहीण आली ती पातळ कोट घालून. मी शिवणकाम करणारी बाई. माझी नजर आधी अस्तरावर जाते. हिच्या सासरच्या शहरात सहा महिने बर्फ, आणि कोटाला नुसतं सुती अस्तर! बॅगेच्या मुठीला मागच्या परतीच्या प्रवासातली विमानाची चिठ्ठी लटकत होती. तिच्यावर भलत्याच शहराचं नाव.

“हे कुठलं गं?”

“वाटेत लागतं. तिथं विमान बदलते मी.”

“आणि तब्येत?”

“काही नाही गं ताई! तू ना, पोलिसात जायला हवं होतंस.”

झालं. त्या शहरात मोठमोठी इस्पितळं आहेत, हे मी ऐकून होते.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी हळूच सोडवून पर्समध्ये टाकली आणि गणवेशाची मापं घ्यायला शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटावर पृथ्वीचा गोल होता. गळ्यातली टेप काढली, एक टोक आपल्या शहरावर धरलं, दुसरं धाकटीच्या. टेप वर बर्फाच्या बाजूनं गेली. ते मधलं शहर चांगलं चार बोटं लांब राहिलं.

“भिंतीवरच्या नकाशात तर अगदी वाटेत दिसतं,” बाई म्हणाल्या.

“टेबलावर पसरलेलं कापड खांद्यावर थोडंच तसं बसतं, बाई?”

तिथून तडक कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे गेले. तो हसला. “ताई, वाकडी वाट विमानंही धरतात. त्यात काही नाही.” मग त्यानं चिठ्ठी हातात घेतली आणि त्याचं हसू थांबलं. “पण बॅग शेवटी जिथं उतरते, ते नाव इथं असतं. ही पुढं गेलेलीच नाही. इथून सहा तासांचं शहर हे. तुमच्या बहिणीचं सगळं धरून पंधरा तासांवर.”

घरी आले तर धाकटी माझ्या मशीनपाशी बसून एका फ्रॉकला बटणं लावत होती. मी चिठ्ठी तिच्या मांडीवर टाकली.

“काय झालंय तुला? आईसारखं करू नकोस. खरं सांग.”

“मी ठणठणीत आहे, ताई. शपथ.”

“मग तिथं उतरून काय करतेस?”

तिनं दोऱ्याला गाठ मारली. दातानं दोरा तोडला. सुई उशीत खोचली.

“उतरत नाही गं. राहतेच तिथं,” ती म्हणाली. “आम्ही वेगळे होऊन दोन वर्षं झाली. तिथं नोकरी आहे, एक खोली आहे. स्थळ तू आणलं होतंस ना... तू स्वतःलाच बोल लावत बसली असतीस.”

“अगं, पण पोचल्याचा फोन? तो तर दर वेळी बरोबर पंधरा तासांनी येतो!”

“सहा तासांत पोचते मी. कुलूप काढते, चहा करते. मग नऊ तास घड्याळाकडे बघत बसते. आणि मग तुला सांगते, पोचले म्हणून.”