रबराखालचा दोर

मित्रांनो, मी एक जुने मचाण आहे. एका जागी बांधून ठेवतात तसले नव्हे, शिकाऱ्याबरोबर झाडावर चढणारे. माझे दोन भाग आहेत. वरच्यावर बसायचे, खालच्यावर पाय ठेवायचे. दोन्ही भागांचे पोलादी दोर झाडाच्या बुंध्याभोवती अडकवले, की माणूस आधी वरचा भाग उचलतो, मग पायांनी खालचा ओढून घेतो आणि अळीसारखा वर सरकत जातो. हे मला नीट सांगता आले की नाही, शंकाच आहे. मला बोलायची सवय नाही.

मिशिगनच्या उत्तरेकडच्या जंगलात रेनो साल्मेला आणि त्याची बायको आयली राहतात. मी त्यांच्या घरी आले तेव्हा नवे होते, उघड्या धातूचे. त्या घरात नेम होता तो आयलीचा. रेनो लाकडे फोडायचा, वाफेच्या अंघोळीची सौना-खोली तापवायचा आणि आयलीने आणलेल्या हरणाचे मांस कापून हिवाळ्यासाठी ठेवायचा. त्याबद्दल शेजारी त्याला चिडवत, आणि त्याला ते आवडे.

पहिल्याच नोव्हेंबरात एक मोठ्या शिंगांचा नर माझ्या अगदी खाली आला. आयलीने बंदूक उचलली आणि बंदुकीच्या पट्ट्याची कडी माझ्यावर आपटली. टण्ण! नर दिसेनासा झाला.

"हे मचाण आहे की चर्चची घंटा?" घरी येऊन आयली म्हणाली. "जंगलातली सगळी हरणं प्रार्थनेला निघून गेली!"

"पुढच्या वर्षी मुंगीलासुद्धा ऐकू येणार नाही," रेनो म्हणाला.

त्याने शब्द पाळला. हे काम उन्हाळ्यात करावे लागते, कारण ताज्या लेपाचा वास हरणांना फार लांबून येतो. रेनोने मला पुसले, पॉलिश पेपरने घासले, नळ्यांवर काळा रबरी लेप चढवला आणि पानगळ होईपर्यंत अंगणातल्या फर नावाच्या सूचिपर्णी झाडाला टांगून ठेवले. रस्त्यापलीकडचा शेजारी कौको बघायला आला. त्याने चमच्याने मला ठोकून पाहिले.

"अरे रेनो, हे तर उशीवर मारल्यासारखं वाजतंय!"

"बायकोसाठी केलंय," रेनो म्हणाला. "तुझ्या चमच्यासाठी नाही."

मित्रांनो, त्या वर्षी आयलीने हरण आणले, आणि कौतुक मात्र माझे झाले. मला फार बरे वाटले.

पुढे दर उन्हाळ्यात लेप चढू लागला. जुना लेप खरवडणे फार किचकट काम असते. रेनोने ते एकदा टाळले, मग नेहमीच टाळले. जिथे भेग दिसेल तिथे वरून नवा थर. दोरही सालीवर घासून खरखरतो म्हणून त्याने दोरालाही लेप दिला. झाडाच्या सालीने त्या लेपाला बारीक चिरा पडत. त्यांतून पावसाचे, बर्फाचे पाणी आत शिरे. उन्हाळ्यात रेनो त्या चिरा मन लावून बुजवी, आणि पाणी आतच कोंडून राही.

उघडा दोर झिजला की त्याच्या तुटक्या तारा बोटांना टोचतात. म्हणून शिकारी चढण्यापूर्वी दोरावरून हात फिरवतात. आयलीही दर वेळी फिरवायची. तिच्या हाताला मऊ रबर लागायचे. आत माझ्या तारा एकेक करून तुटत होत्या. पूर्वी भार आला की दोर करकरत असे. आता तेही कुणाला ऐकू येत नव्हते.

त्या सकाळी सालीवर दहिवर गोठले होते. आयली वर चढत होती. जीव सांभाळणारा पट्टा ती वर पोचल्यावर झाडाला बांधायची. निम्म्यावर आली, वरचा भाग उचलू लागली आणि खालच्या भागाचा दोर तुटला. मी खाली पडले. माझ्या पाठोपाठ ती पडली. जमिनीवर तेव्हा फारसा बर्फही नव्हता.

तिच्या पाठीचा कणा मोडला. पाय गेले.

तिला इस्पितळात ठेवून रेनो मला न्यायला परत आला. दोराचे टोक हातात धरून त्याने चाकूने रबर चिरले. आतून गंजाची तपकिरी भुकटी त्याच्या मांडीवर सांडली. तो ती बराच वेळ झटकत राहिला.

आयली चाकांच्या खुर्चीतून घरी आली तेव्हा मी व्हरांड्यात पडून होते. कौको वेलदोड्याचा गोड पाव घेऊन भेटायला आला.

"असं झालं तरी कसं गं?" त्याने विचारले.

"सालीवर बर्फ होता, पाय घसरला," आयली म्हणाली. "म्हातारी झाले, दुसरं काय! आता रेनोला शिकार शिकावी लागणार. हरणांची मजा आहे."

कौको हसला आणि गेला. मग ती रेनोला म्हणाली, "मी सांगितलंय तेच खरं. तू तोंड उघडायचं नाहीस. गावभर तुझ्याकडे बोट दाखवतील, ते मला नाही बघवणार."

रेनो उठून बाहेर आला. त्याने मला शेडमध्ये खिळ्याला टांगले.

यंदाच्या उन्हाळ्यात कौको पुन्हा आला, थेट शेडमध्ये.

"रेनो, तो तुझा काळा लेप उरलाय का रे? यंदा माझी सून चढणार आहे. मचाण माझंच जुनं, पण नुसतं खडखडतंय. तुझ्यासारखं मुकं करायचंय."

रेनोने माझ्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. आता हा सांगणार, असे मला वाटले.

"आधी... आधी जरा खरवडून घे," तो म्हणाला.

"तू खरवडायचास?"

घरातून आयलीच्या खुर्चीची चाके फरशीवर वाजली.

"हो," रेनो म्हणाला.

"आणि दोराला?"

"दोराला..." रेनो खाली बघू लागला. "तुझं तू बघ."

"म्हणजे लावायचा. तुझ्या दोराला तर होता की!" कौकोने फळीवरचा डबा उचलला, रेनोच्या पाठीवर थाप मारली आणि तो गेला.

मित्रांनो, कोणत्याही वस्तूवर रंग, लेप, काहीही चढवण्याआधी जुने खरवडून खाली काय आहे ते बघा. वस्तू गप्प असली म्हणजे ती धड आहे असे समजू नका. आणि तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट सांगा. सांगताना लाज वाटली, कुणी बोट दाखवले, तरी सांगा. तुम्हाला बोलता येते. मी हे कितीही कळवळून सांगितले तरी या शेडबाहेर ऐकणारे कुणी नाही.

शेडच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचे अंगण दिसते. तिथे फरच्या फांदीला कौकोचे मचाण वास जाण्यासाठी टांगले आहे. त्याचा दोर छान काळा झाला आहे. परवा त्याची सून बाहेर आली आणि तिने त्या दोरावरून हात फिरवून पाहिला. ती समाधानाने हसली.