झौरेशच्या नावावरची फाइल

करागांडातल्या त्या कारखान्यात खाणीत माणसं उतरवणारी यंत्रं तयार होत, आणि त्यांची ड्रॉइंगं झौरेशचा गट काढत असे. झौरेश पन्नाशीला आलेली, कामात चोख, बोलायला फटकळ. नव्या यंत्राचं संगणकावर जोडलेलं मॉडेल इतकं जड झालं होतं की ते उघडायला लावून चहा पिऊन आलं तरी पडदा गोठलेलाच असे. कारण तिला ठाऊक होतं. विजेची मोटार बनवणाऱ्यांनी दिलेलं तिचं मॉडेल आतल्या तारांसकट तसंच बसवलं होतं, बोल्टाबोल्टावर आटे कोरले होते. ते हलकं करू द्या, असं ती हिवाळाभर सांगत होती. विभागप्रमुख येरबोलात दरवेळी म्हणे, "आधी हे ड्रॉइंग जाऊ दे."

मग खाणवाल्यांनी मुख्य दांडा लांब करायला सांगितला. झौरेशने मॉडेलमध्ये तो बदलला, पण जुळणीचं ड्रॉइंग काही केल्या नवं होईना. प्रोग्राम मधेच बंद पडे. येरबोलात तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. वयाने तो लहान, म्हणून तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणे.

"आपाय, ड्रॉइंगचा मॉडेलशी संबंध तोडा आणि नवा आकडा हाताने टाका. आज छपाईला जायला हवं."

"आकडा बदलेल, रेघ तिथेच राहील. दांड्याबरोबर बेअरिंगची बैठक सरकते, तिच्याबरोबर झाकण. त्यांचेही आकडे अंदाजाने टाकू?"

"एवढा एकच टाका. बाकीचं नंतर बघू."

"तुझं नंतर अजून कुणी पाहिलेलं नाही, येरबोलात."

शेजारच्या टेबलावर सांझार हसू दाबत खाली वाकला. येरबोलातचे कान लाल झाले.

"मग फाइल परत ठेवा. सांझार करेल."

फाइल सर्व्हरवरून झौरेशच्या नावावर काढलेली होती. ती परत ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिच्यात बदल करता येत नव्हता.

"नाही ठेवत," झौरेश म्हणाली.

तो तडक सर्व्हर सांभाळणाऱ्या फ्रिडाबाईंकडे गेला. "तिचं कुलूप काढा."

"काढते की," फ्रिडाबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त लिहून द्या, की मॉडेलशी न जुळणारं ड्रॉइंग तुमच्या आदेशावरून पाठवतोय. खाली सही करा."

 येरबोलात सही न करताच निघून गेला.

झौरेश कामाला लागली. मोटारीच्या जागी तिने नुसता बाहेरचा आकार बसवला, आटे पुसले, यंत्राचे गट पाडून प्रत्येकाचं ड्रॉइंग वेगळं केलं. सुनेचा फोन वाजून वाजून थांबला. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग उघडलं तेव्हा सगळ्या रेघा नव्या जागी आल्या होत्या. झाकण मात्र यंत्राच्या बाजूच्या शिडीला जाऊन भिडलं होतं. तसंच बनलं असतं तर ते उघडलंच नसतं. तिने शिडी सरकवली, फाइल परत ठेवली आणि ड्रॉइंग छपाईला पाठवलं.

आभार कुणी मानले नाहीत. उशीर झाला म्हणून येरबोलातने गट सांझारकडे दिला आणि तिला सुट्या भागांच्या विभागात धाडलं. तिने शाल आणि कप उचलला. आत कुठेतरी दुखलं, पण मान खाली गेली नाही.

सांझार दारापर्यंत आला. "आपाय, मला वाईट वाटतंय."

"वाईट नको वाटून घेऊ. आकडा हाताने टाकायला सांगितला, तर मला हाक मार."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"दोघं मिळून नाही म्हणू."