चष्मा घरी राहिला

"बाबा, नीट बघा ना. तेच आहे ना? जेवणानंतर?"

भिंगरीने मागून बापाचा शर्ट ओढला. मैदानाच्या फाटकाशी लावलेल्या फळ्यासमोर झुंबड उडाली होती. सकाळी कोणीतरी नवा कागद डकवून गेलं होतं आणि शाळाशाळांची मुलं त्यात आपली शर्यत शोधत होती. बाप टाचा उंचावून कागदाकडे बघत राहिला. शेजारचा माणूस वाचून वळला, तेव्हा हाही वळला.

"तेच आहे," तो म्हणाला. सरांनी कालच वेळ सांगितली होती, ती एका रात्रीत कशाला बदलेल?

फरश्या बसवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि उरलेलं असं बघण्यात. किती वेळ बघितलं म्हणजे माणूस वाचतोय असं वाटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोणी कागद पुढे केला की तो खिसे चाचपायचा आणि म्हणायचा, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्याने जन्मात कधी घेतला नव्हता. लहानपणी पुस्तकातली अक्षरं त्याच्यासाठी जागेवर थांबायची नाहीत. मास्तरांनी ढ म्हणून मागच्या बाकावर बसवलं आणि विषय संपला. बायकोला माहीत होतं. तिने कधी ब्र काढला नाही, फक्त घरात येणारा प्रत्येक कागद ती आधी आपल्या हातात घ्यायची. पोरीच्या शर्यतींनाही तीच यायची. ती दवाखान्यात आया होती; आज तिथल्या दुसऱ्या आयाने ऐनवेळी दांडी मारली आणि तिची पाळी हिच्या गळ्यात पडली.

भिंगरीचंही अक्षरांशी तसंच वाकडं होतं. शाळेने तपासणीला पाठवलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "हा वाचनाचा दोष आहे, बुद्धीचा नाही. बऱ्याचदा घरात आणखी कोणाला तरी असतो. तुमच्याकडे आहे का कोणाला?"

"छे, आमच्यात कोणालाच नाही," बाप चटकन बोलून गेला होता. अख्ख्या घरात आपण एकटीच अशी, हे पोरीने त्या दिवसापासून मनाला लावून घेतलं.

धावायची मात्र अशी, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आज पहिल्या दोघींत आली, तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिथल्या शाळेत अशा मुलांची परीक्षा तोंडी घेत. इथे ती दोनदा नापास झाली होती आणि तिसऱ्यांदा ठेवून घेणार नाही, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं.

मैदानाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ती अंग मोकळं करत होती. कर्णा पार पलीकडे होता, त्यामुळे इथे नुसती खरखर ऐकू येत होती. मग पिस्तुलाचा बार झाला, पाठोपाठ आरडाओरडा.

"कोणाची शर्यत असेल हो, बाबा?"

"असेल कोणाची तरी. तू तुझं बघ."

थोड्या वेळाने सर धापा टाकत आले. सकाळपासून ते लांब उडीवाल्या मुलांत अडकले होते.

"अगं, होतीस कुठे? नाव पुकारून पुकारून घसा बसला लोकांचा! झाली तुझी शर्यत!"

"झाली? पण जेवणानंतर..."

"जेवणाच्या आधी घेतली. फळ्यावर लावलंय की ठसठशीत! पंचांच्या हातापाया पडून आलो, ऐकत नाहीत. कोणी वाचलंच नाही का?"

बापाचा हात खिशाकडे गेला. पोरीने तो हात पाहिला. तिने तो आजवर हजारदा पाहिला असेल, पण आज तिची नजर त्यावरच खिळून राहिली.

"बाबांनी सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यात राहिलं नाही."

"तुझ्या डोक्यात काही राहील तर शपथ!" सर हात झटकून निघून गेले.

बापाने तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पोटची पोर आपलं पाप अंगावर घेते आणि आपण खांबासारखे उभे राहतो, याची त्याला इतकी शरम वाटली की तो तिच्याकडे बघूही शकला नाही.

दोघं बसच्या थांब्यावर आली.

"तुम्हाला पण हलताना दिसतात अक्षरं?" तिने विचारलं.

"हो."

"मग तपासणीच्या बाईंना 'कोणालाच नाही' असं का सांगितलंत?"

बाप रस्त्याकडे बघू लागला.

"मला वाटायचं, मी एकटीच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बस आली. कपाळावर पाटी होती. सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरूनच खाली आला. शेजारी एक बाई उभी होती.

"ताई, ही कुठे जाते हो?" तो म्हणाला. "मला वाचता येत नाही."

"तुम्हाला कुठे जायचंय?"

त्याने सांगितलं.

"मग ही नाही. मागची."

बस निघून गेली. भिंगरीने छातीवरच्या क्रमांकाच्या टाचण्या एकेक करून काढल्या, कापडाची घडी पिशवीत ठेवली आणि बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली.