मोटारीची खांदशेकणी

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता फुलचूरजवळ मालगुजार भोजराज यांचे डोके त्यांच्याच मोटारीच्या छताला आपटले. नोव्हेंबर १९३८ मधली ही चौथी वेळ. फेटा होता म्हणून खोक पडली नाही. साडेआठ वाजता ड्रायव्हर दुधरामची नोकरी गेली.

"दरेकशापासून एक गड्डा सोडला नाहीस," मालगुजार म्हणाले.

"गड्डा नोहोता जी. गाडीच उसळून राहिली."

"गाडी विलायती आहे. देशी तू आहेस."

दुधरामने एवढेच मागितले की गाडी मिस्त्रीला दाखवावी. दोष हाताचा निघाला तर तो पायी गावी जाईल. मालगुजारांनी होकार दिला. गोंदियापर्यंत गाडी चालवायला दुसरे कोणी नव्हते.

मुन्नालाल मिस्त्रीने आधी चाकांची हवा पाहिली. ती बरोबर होती. मग तो मागच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून उभा राहिला. गाडी तसूभरही खाली गेली नाही. शेजारच्या धानगिरणीतले दोन हमाल बोलावून वर चढवले. तरी नाही.

"कमान दबतीच नहीं," मिस्त्री म्हणाला. "धक्का सीधा मालिक के सर में."

कमान म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. ती जिथे गाडीला टांगलेली असते, तिथे त्याने पहार घालून हलवली. खिळा खडखडला, त्याचे भोक झिजून अंड्यासारखे लांबट झाले होते. कमानीचे पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, ते चिकटून एक झाले होते. मिस्त्रीने सुरीने मधला थर खरवडला. थर पिवळा होता. त्याने वास घेतला.

"ये ग्रीस नहीं. घी है. और हल्दी!"

दुधराम जमिनीकडे पाहू लागला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात. मालगुजारांच्या घरी तीन वर्षांपासून हा मान मोटारीच्या कमानींनाही होता, कारण ओझे त्याही वाहतात. एकदा शेकलेल्या खांद्याला वर्षभर काळे वंगण लावायचे नाही, हा नियम घरचाच.

"कौन गधे ने लगाया?"

"मायनं," मालगुजार म्हणाले.

मिस्त्रीने टोपी काढली. "घी असली है, मालिक."

काम सरळ होते: पाटे सोडवून खरवडायचे, काळे तेल द्यायचे, नागपूरहून नवे खिळे मागवायचे. मिस्त्री चिठ्ठी लिहू लागला. 'दोष' या शब्दापाशी थांबून त्याने वर पाहिले.

"रस्त्याचा लिही," मालगुजार म्हणाले.

"रस्त्याचा ठेका तुमच्याच घरी होता नं जी," दुधराम म्हणाला.

"तुले कोणी इचारलं? तू नोकरीवर नाहीस."

"मंग घरी गाडी कोण नेईल जी?"

मालगुजार मागे बसले आणि दोन्ही हातांनी फेटा धरला.

शनिवारी संध्याकाळपर्यंतची खबर अशी. खिळे आलेले नाहीत. चिठ्ठीत 'दोष'पुढची जागा कोरी आहे. दुधराम रोज मोटार चालवतो, पण तो कामावर आहे की नाही हे कोणी सांगत नाही. पाटे खरवडायची परवानगी आई जमुनाबाईंना विचारायला मालगुजारांना अजून सवड झालेली नाही. मोटारीचे अंग दुखते एवढे मात्र जमुनाबाईंच्या कानावर गेले आहे, आणि त्यांनी तुपाची वाटी चुलीवर ठेवली आहे.