एकही खेळणं मोडलं नाही

आमच्या बाल रुग्णालयात खेळण्यांचं एक कपाट होतं. पोरं हवं ते उचलत, आपटत, चाटत. महिन्याला चार-दोन खेळणी मोडत, एखादं कुणाच्या पिशवीतून थेट मोलगी गावाला जाई. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्या साहेबांना वाटलं, म्हणून त्यांनी आपल्या भाच्याला, भावेशला, बोलावलं.

या अतिशहाण्याने कपाटाचं वेब ॲप केलं. पोराच्या हातात खुळखुळा द्यायचा तर आईचा फोटो, आईचा अंगठा, आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'मोडल्यास पालक जबाबदार'. ते प्रत्येकीला वाचून दाखवायचं काम माझं, निर्मला सिस्टरचं. अक्कल त्याची, घसा माझा.

महिन्याभराने तो टॅबलेट नाचवत आला.

"सिस्टर, एकही खेळणं मोडलं नाही! शंभर टक्के!"

"वॉर्डात चल जरा."

"कशाला? सगळं यात दिसतं की."

डोळे असून आंधळा! मी त्याला दंडाला धरून सात नंबरच्या खाटेशी नेलं. तिथे पाच वर्षांचा आमशा, पाय मोडलेला, जागचा हलू न शकणारा. तीन दिवसांपूर्वी त्याच्या नावावर दिलेला ट्रॅक्टर पिशवीत गाठ मारून सलाईनच्या स्टँडला टांगलेला. पोरगं हात वर करायचं, आई सुनिता तो खाली दाबायची. रडून त्याचा आवाज बसला होता. सकाळपासून घासही घेतला नव्हता.

"खेळू दे ना गं," मी तिला म्हटलं.

"तुटलं तर?" सुनिता म्हणाली. "माझा फोटो आहे त्यात."

मला भावेशची किळस आली, साहेबांची आली, आणि महिनाभर ती लाल अक्षरं वाचणाऱ्या माझ्या तोंडाचीही आली.

मी पिशवी सोडली आणि ट्रॅक्टर फरशीवर आपटला. चाक निखळलं. सुनिता किंचाळली. भावेशच्या हातातला टॅबलेट ओढून मी नोंद केली: मोडला. मोडणारी, सिस्टर निर्मला. वर स्वतःचा फोटोही काढला.

"घे रे," मी आमशाला म्हटलं. "आता तुझ्या आईला कुणी विचारणार नाही."

त्याने तो तीन चाकांवर पोटावरून हनुवटीपर्यंत चालवला.

"सिस्टर, माझे शंभर टक्के!" भावेश कळवळला. त्या पोराकडे त्याने अजूनही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले, तर दारात म्हसावदची एक बाई नवीकोरी बाहुली घेऊन उभी. मागे आणखी चौघी.

"ताई," ती म्हणाली, "आमनी बाहुली बी जराशी मोडी द्या ना."